माझी खांदमळणी

आमच्या घरी लेकरांच्या आजारांचे दोनच प्रकार मानले जात: आबाजींच्या हातचे आणि देवाच्या हातचे. आबाजी म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आंजीच्या रस्त्यावरून आत वळून मुरमाच्या वाटेनं गेलं की लागणारं आमचं गाव लहान, पण आबाजींचं नाव आजूबाजूच्या चार गावांत होतं, आणि ते बैलांमुळे. कुणाच्या बैलाचा पाय मुरगळला, गाईचं पोट फुगलं, जुवाखाली मान सोलवटली, की माणसं आमच्या अंगणात येऊन उभी राहत. आबाजी जेवत असले तरी हात धुऊन उठत. जनावराभोवती एक चक्कर मारत, त्याच्याशी काहीबाही बोलत, आणि बोलता बोलता नेमक्या दुखऱ्या जागी हात ठेवत. अशा माणसाला घरातली पोरंसोरं म्हणजे काय, दोन पायांवर चालणारी वासरंच. आम्हाला ताप आला तर ते कपाळाला हात लावत नसत, कान चाचपून बघत, कारण जनावराचा ताप कानाला कळतो. काढा प्यायला नकार दिला की गोठ्यातली, बैलांना औषध पाजायची बांबूची नळी आणत, ती धुऊन घेत एवढीच काय ती माणूस म्हणून आमची इज्जत. नळी तोंडाशी आली की आम्ही आपणहून वाटी तोंडाला लावायचो, त्यामुळे ती प्रत्यक्ष वापरल्याचं मला आठवत नाही. पण तिचा धाक अजून आठवतो.

आजारी पडण्याला आमच्याकडे एक थाटही होता, हे मला कबूल केलं पाहिजे. गालगुंड झालं की गालाला गरम लेप आणि गळ्यापासून डोक्यापर्यंत मफलर, आणि मऊ भातावर साजूक तुपाची धार. गोवर आला की खोलीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागायचा आणि घरात फोडणीचा आवाज बंद व्हायचा. तो चर्र असा आवाज बंद झाला की सगळं घर कसं दबकून चालल्यासारखं वाटे. डोळे आले तर शाळा बंद, म्हणून बाल्या, माझा धाकटा भाऊ, डोळे आलेल्या पोरांच्या मुद्दाम गळ्यात पडायचा. या सगळ्यात माझी माय कुठे असायची, तर उशाशी. ती फार बोलत नसे. आबाजींसमोर तर पदर ओढून, मान खाली घालून, हो किंवा नाही एवढंच. पण रात्री कोण किती वेळा कण्हलं, कुणी पाणी मागितलं, कुणाचं अंग सकाळी हलकं झालं, हे तिला विचारावं लागत नसे.

आता वर्ध्याला लागून पिपरी मेघेला मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून मी हे लिहिते आहे. मागच्या महिन्यात नातू क्रिकेट खेळताना खांद्यावर पडला. अर्ध्या तासात त्याचा एक्स-रे माझ्या सुनेच्या मोबाइलमध्ये होता आणि ती मला दाखवत होती, "आई, ही बघा, इथे ही बारीक रेघ." मी चष्मा लावून बघितली आणि मला हसूच फुटलं. सून जराशी नाराज झाली. तिला कसं सांगू, की याच हाडापायी माझ्या आबाजींच्या मानेवर जू चढलं होतं?

त्या वर्षी मी चौथीत होते. आमच्या घरी एक लाकडी बैल होता, सागवानी, आबाजींच्या लहानपणीचा, खाली चार चाकं, ओढला की कुईकुई वाजायचा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या विदर्भात लेकरांचा पोळा भरतो. प्रत्येक पोर आपापला लाकडी बैल सजवून नेतं आणि मग घरोघर जाऊन ओवाळून घेतं. आमच्या घरात बैल एक आणि पोरं तीन, म्हणून आबाजींनी पाळ्या लावून दिल्या होत्या. मागच्या वर्षी दादाच्या हातात दोरी होती, या वर्षी माझ्या, पुढच्या वर्षी बाल्याच्या. जे पोर त्या दिवशी आजारी पडलं, त्याची पाळी पुढच्याला. पुन्हा माझी पाळी यायची तोवर मी सातवीत गेले असते, आणि एवढ्या मोठ्या मुलींना गावात दोरी धरून फिरू देत नसत. म्हणजे माझ्या आयुष्यात बैल नेण्याचं हे एकच वर्ष होतं. मी दोन महिने आधीपासून रंगीत कागदाच्या झुली कापत होते. शिंगांना लावायचा बेगड माझ्या उशाखाली होता, आणि मी रात्री हात घालून तो आहे ना हे बघत असे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आबाजींनी मला पळसाची पानं आणायला पाठवलं. संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं तो खांदा लोणी आणि हळदीनं मळायचा, पळसाच्या पानांनी शेकायचा. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या पळसाची खालची पानं गावातल्या पोरांनी केव्हाच ओरबाडून नेली होती. मी चढले. पळस काही चढायला वाईट झाड नाही, पण पावसानं खोड बुळबुळीत झालं होतं, आणि माझा ओचा पानांनी भरलेला. पडले ती डाव्या खांद्यावर. आधी काहीच वाटलं नाही, मग एकदम सगळंच वाटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तिथेच चिखलात बसून राहिले आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता बाल्या बैल नेणार. मी उठले, एका हातानं पानं गोळा केली, तोंड ओढ्यात धुतलं आणि घरी आले.

संध्याकाळी अंगणात आमची जोडी उभी होती, अंग धुतलेली, चकचकीत. चुलीवरच्या आंबाडीच्या भाजीचा वास, शेणसड्याचा वास, वितळलेल्या लोण्याचा वास, सगळं एकात एक मिसळलं होतं. बाबा बैलाचं शिंग धरून होते आणि आबाजी खांदा मळत होते. मी वाटी धरून उभी. आबाजींची नजर बैलावरून माझ्यावर आली आणि तिथेच थांबली.

"काऊन व, पोट्टे? एका बाजूनं लटकून राह्यली?"

"काई नाई, आबाजी."

"काई नाई कसं? डाव्या खांद्यात काईतरी हाय. पडली?"

"अशीच. ठेच लागली."

आबाजींचा चेहरा खुलला. सणाच्या संध्याकाळी, हातात लोणी असताना, समोर आयता खांदा. "मुका मार हाय," ते म्हणाले, "ये अशी इकडं. बैलाची होते तशी तुही भी खांदमळणी करू." त्यांनी मला दोन बैलांच्या मधे उभं केलं, हळदीचं लोणी खांद्याला चोपडलं आणि अंगठ्यानं असं मळलं, की मला सगळे देव एका रांगेत दिसले. दादा हसत होता, बाल्या टाळ्या पिटत होता. ओरडले असते तर बैल गेला असता. म्हणून मी ओठ दाबून उभी राहिले, आणि आबाजींना वाटलं की पोरीला आराम पडतो आहे. मग पळसाचं गरम पान खांद्यावर ठेवून ते बैलांना म्हणतात तसंच मला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सगळं अंगण हसलं. मीसुद्धा हसले. अजून मला आश्चर्य वाटतं की मी कशी हसले.

सकाळी माय माझी वेणी घालायला बसली. सणाचा दिवस, डोक्यावरून पाणी झालेलं, नवं परकर-पोलकं. "दोनी हात वर कर, पेड धर," ती म्हणाली. मी उजवा वर केला. डावा वर करायला मी उजव्या हातानं डाव्याचं कोपर धरलं आणि उचललं. मायचा कंगवा थांबला. तिनं पोलक्याची गुंडी सोडली. गळ्याखाली, जिथे हासळीचं हाड असतं तिथे बोराएवढा उंचवटा आला होता, भोवती काळंनिळं, आणि त्यावर आबाजींच्या हळदीचा पिवळा लेप. तिनं बोटाचं टोक नुसतं टेकवलं. मी किंचाळले. किंचाळले ती इतक्या जोरात, की गोठ्यातले बैल वळून बघायला लागले.

"खरं सांगजो," माय हळूच म्हणाली. "झाडावरून पडली?"

मी मान हलवली. आणि मग रडत रडत सगळं सांगितलं, झुली, बेगड, बाल्या, पाळी. तिनं ऐकून घेतलं. डोक्यावर पदर घेतला आणि ती अंगणात गेली. आबाजी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होते.

"मामाजी, इले वर्ध्याले न्या लागते," ती म्हणाली.

आबाजींनी वर बघितलं. सून आपणहून बोलली याचंच त्यांना आधी नवल वाटलं असावं. "मुका मार हाय, बाई. दोन रोज मळलं का बसते. म्या पाह्यलं ना काल."

"हाड हलून राह्यलं, मामाजी. हात लावला का कचकच करते. हात उचलता येत नाई तिले."

"मले नाई दिसलं?"

"कसं दिसन?" माय म्हणाली, आणि ती थांबली नाही. "बैल आपलं दुखणं लपवत नाई, मामाजी. पाय उचलून उभा राह्यते, जू टाकून देते. लेकरू लपवते. इनं रातभर लपवलं, काऊन त उद्या लाकडाचा बैल न्याचा हाय. तुमी बैलाचं अचूक पायता. हे बैल नोहे."

बाबांनी एकदा घसा खाकरला. मग ते म्हणाले, "नेतो म्हणलं तरी कसं न्याचं? आज पोळा हाय. बैल जुपाचे नाई. गावात कोनीच देणार नाई." खरंच होतं ते. वर्षातून हा एकच दिवस बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. एसटी थांबायची ती मोठ्या रस्त्यावर, आणि मधली वाट पावसानं निसरडी. मला उचलून घ्यायचा प्रयत्न बाबांनी केला, पण काखेत हात घालताच मी पुन्हा किंचाळले. पायी निघाले तर दारातच घसरले, आणि मायनं वेळेवर सावरलं म्हणून बरं.

आबाजींनी हिंगुळाची वाटी खाली ठेवली. गोठ्यामागे आमची रेंगी होती, दोन माणसं बसतील एवढी हलकी बैलगाडी. ती त्यांनी ओढत अंगणात आणली. आत वाकळेची घडी टाकली. मग दांडीच्या पुढे गेले, डोक्याचा दुपट्टा काढून खांद्यावर दुहेरी घातला आणि वाकून जुवाखाली मान दिली.

"चाल रे," ते बाबांना म्हणाले. "उजवीकडून तू लाग."

"अहो आबाजी, तुमी कायले? मी दादाले घेतो."

"दादाच्या खांद्यात काय हाय? मले ठावं हाय कसं ओढाचं. आयुष्यभर पाह्यलं ना."

अशी आमची वरात निघाली. वाकळेवर मी, मला सावरून धरलेली माय, आणि पुढे जुवाखाली माझे वडील आणि त्यांचे वडील. सगळं गाव आपापल्या दारात बैल सजवत होतं. कुणी झूल बांधत होतं, कुणी गळ्यात घुंगरमाळा. आम्हाला बघून एकेकाचे हात थांबायचे. काय झालं ते कळेपर्यंत माणसं गप्प, कळलं की मागून धक्का द्यायला येत, आणि धक्का देता देता त्यांना चेव यायचा. "आबाजी, बाशिंग नाई बांधलं?" "डावा बैल बुडा हाय, पण चाल चांगली हाय!" आबाजी पुढे बघून चालत होते, पण मला मागून त्यांचे कान दिसत होते, ते लाल झाले होते. गावाच्या तोंडाशी कौसल्याकाकू आरतीचं ताट घेऊनच आडव्या आल्या. "आजच्या दिवशी जोडी पूजेबगर पुढं जाऊ द्याची नसते," म्हणाल्या आणि त्यांनी खरोखरच बाबांना आणि आबाजींना कुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं, आणि आबाजींच्या तोंडात पुरणपोळीचा तुकडा कोंबला. "आटप व, बाई, यष्टी निंगून जाईन," आबाजी पोळी चावत म्हणाले. मी हसले. हसलं की हाड दुखायचं, दुखलं की मी "आई गं" म्हणायची, आणि तसं म्हटलं की आबाजी मागे वळून बघायचे, तोंडभर पुरण घेऊन, कपाळावर कुंकू घेऊन, आणि मला पुन्हा हसू यायचं. मायलाही हसू आलं. पदराआडून ती हसत होती, मला तिचं अंग हलताना कळत होतं.

वर्ध्याच्या दवाखान्यात सणामुळे गर्दी नव्हती. एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी माझी बोटं हलवून बघितली, नखं दाबून बघितली, बोटांना मुंग्या येतात का विचारलं. मग खांद्याजवळ वाकले आणि नाक आक्रसून म्हणाले, "हा लोण्याचा वास कसला?"

बाबा जमिनीकडे बघायला लागले. "म्या खांदमळणी केली," आबाजी सरळ म्हणाले. "बैलाची करतो तशी."

डॉक्टरांना खांदमळणी माहीत नव्हती. ती समजावून सांगितल्यावर त्यांनी एकदा आबाजींच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं, पण हसले नाहीत, हे मी त्यांचे उपकार मानते. हासळीचं हाड मोडलंय, ते म्हणाले. लहान मुलांचं हे हाड बहुतेक आपोआप जुळतं, घाबरायचं काही नाही. पण चोळायचं नाही, ओढायचं नाही, गरम शेकायचं नाही. आबाजींनी त्यांना मधेच थांबवलं. "मंग ओळखाचं कसं, डाक्टर साहेब? कोनतं दुखणं घरी ठेवाचं, अन् कोनतं तुमच्याकडे आणाचं?" पोरानं हात किंवा पाय वापरणंच सोडलं, जागा वाकडी दिसली, सूज वाढत गेली, तर त्याच दिवशी आणायचं, डॉक्टर म्हणाले. बोटं गार पडली, निळी पडली, बधिर झाली, तर वाट बघायचीच नाही, असाल तसे निघायचं. आबाजी प्रत्येक गोष्ट ओठांत पुटपुटत घोकत होते. मग डॉक्टरांनी माझ्या दोन्ही खांद्यांवरून पाठीवर आठच्या आकड्यासारखी पट्टी आवळली आणि हात झोळीत अडकवला. आता ती पट्टी फारशी बांधत नाहीत, नातवाला नुसती झोळी दिली. मला मात्र त्या पट्ट्यांमध्ये आपल्याला बैलासारखं जुपलं आहे असंच वाटत होतं.

आम्ही उठलो तशी माय दारात थांबली. "डाक्टर साहेब, उद्या तान्हा पोळा हाय. हे लाकडाचा बैल घेऊन जाऊ शकते का?"

तिनं हे विचारावं असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"दुसऱ्या हातानं ओढता येईल ना," डॉक्टर म्हणाले. "पळायचं नाही. गर्दीत घुसायचं नाही. कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही."

"नाई लागणार," आबाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं मारबत काढली. पोळ्याच्या दिवशी दारात लावलेले पळसाचे डहाळे उपटून सगळी माणसं शिवेबाहेर फेकायला जातात आणि वर्षभराची पीडा त्यांच्याबरोबर घालवतात. पोरं बोंबलत होती, "खासी, खोकला, ढेकूण, मोंगसे घेऊन जा गे मारबत!" ताप, गोवर, डोळे, ज्याला जे आठवेल ते. आबाजींनी आपला डहाळा सगळ्यांच्या वर उचलला आणि बैल हाकतानाच्या आवाजात ओरडले, "आबाजीची मालीश घेऊन जा गे मारबत!" क्षणभर कुणाला कळेना. मग जो हशा उठला, तो शिवेपासून घरापर्यंत आमच्या मागे येत राहिला. त्यानंतर कुणी हात दुखणारं पोर अंगणात घेऊन आलं की आबाजी आधी त्याच्यापुढे चिंच धरत, आणि पोरानं ती दुखऱ्या हातानं घेतली नाही की म्हणत, "हे माह्या हातचं नाई. यष्टी पकडा."

दुपारी मी बैल नेला. दादानं झुली लावल्या, बाल्यानं न सांगता शिंगांना बेगड चिकटवला, जरा वाकडाच. उजव्या हातात दोरी, डावा झोळीत, पाठीवर पांढऱ्या पट्ट्यांचा आठ, आणि माझ्या डाव्या बाजूला आबाजी, दोन्ही कोपरं बाहेर काढून, कुणाला फिरकू देत नव्हते. देवळापुढच्या रांगेत माझ्याभोवती एवढी मोकळी जागा दुसऱ्या कुणालाच नव्हती. घरोघर बाया बैलाला ओवाळत आणि मग मलाही ओवाळत. कुणी मूठभर मुरमुरे दिले, कुणी पेढा दिला. कुईकुई वाजत बैल माझ्यामागे यायचा, आणि मला इतका आनंद झाला होता की तो खरोखर कुठे ठेवू ते कळत नव्हतं. तेवढा आनंद पुढे लग्नातही झाला नाही, हे आता ह्यांना सांगायला हरकत नाही.

शेवटी आमच्या घरी आलो. माय ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं बैलाला कुंकू लावलं, मला लावलं, मग आबाजींना लावायला हात पुढे केला. आबाजी वाकले, आणि वाकताना त्यांनी उजवा हात हळूच गुडघ्यावर टेकला. मायचा हात हवेतच राहिला. ती त्यांच्या खांद्याकडे बघत होती. तिनं ताट बाल्याच्या हातात दिलं, आणि आजवर सासऱ्यांच्या अंगाला कधी बोट न लावलेल्या माझ्या मायनं त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा बाजूला केला. जुवाखाली मान सुजून लाल झाली होती, कातडी सोलवटली होती.

"काई नाई, बाई," आबाजी म्हणाले.

माय नुसती उभी राहिली. आबाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग ते उंबऱ्यावर बसले.

"दुखते व, सूनबाई," ते म्हणाले. "कालपासून लय दुखते."